तीर्थनचा पाहुणा मासा

कुल्लू जिल्ह्यात बंजारच्या पुढे तीर्थन नदीकाठी चार दिवस राहून आलो. उतरलो त्या होमस्टेच्या भिंतीवरच रंगवलं होतं, 'हिमालयाचा अस्सल ट्राउट मिळेल'. अस्सल कसला डोंबलाचा! १९०० साली स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरला पोचली (त्याआधीची खेप वाया गेली होती). तिथून १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं हा मासा कुल्लूत आणला, कटराईंजवळ महिलीला हॅचरी, म्हणजे अंडी उबवायचं केंद्र, काढली. साहेबाला मायदेशासारखा गळ टाकत बसायचं होतं, एवढंच कारण. थंड, खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी मिळालं आणि पाहुणा कायमचा राहिला.

बरं, रात्री ताटात आला तो हासुद्धा नव्हता. तो होता टाकीत वाढवलेला रेनबो ट्राउट, म्हणजे मूळचा पॅसिफिककडचा. पतलीकूहलला नॉर्वेच्या मदतीनं त्याची शेती सुरू झाली आणि तिथून तो सगळीकडे पसरला. चव उत्तम, तक्रार नाही.

इथला खरा रहिवासी म्हणजे गुगली. (हो, आपल्याला आधी फिरकीवाले सुभाष गुप्तेच आठवणार.) इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात, पण तिचं कूळ रोहू-कटल्याचं. तोंड खालच्या बाजूला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारी, गरीब. ट्राउट पडला शिकारी. दुसऱ्यांची पिल्लं त्याला वर्ज्य नाहीत. जगभरच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आज गुगलीचं नाव आहे. धरणं, वाळूउपसा, जाळी ही कारणं आहेतच, पण हा पाहुणाही त्यात आहे.

त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत माझं मत पक्कं होतं: साहेबाचा हा शौक आपण उगाच मिरवतोय.

मग संध्याकाळी यजमानांनी प्रकल्पांची गोष्ट काढली. तीर्थन आणि तिला मिळणाऱ्या खड्डांवर, म्हणजे ओढ्यांवर, नऊ छोटे जलविद्युत प्रकल्प येणार होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब गावकऱ्यांना घेऊन कोर्टात गेले. हातात काय होतं? हेच, की १९७६ सालीच सरकारनं ही नदी ट्राउटसाठी राखीव ठरवली होती. प्रकल्प रद्द झाले. शेजारच्या सैंज खोऱ्यात उलटं घडलं. १९९९ मध्ये ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची शेवटची अधिसूचना निघाली, तेव्हा जीवा नाल्याचा तुकडा पार्बती जलविद्युत प्रकल्पासाठी पार्कातून वगळला गेला. तीर्थन मात्र लारजीला ब्यास नदीला मिळेपर्यंत मोकळी वाहते, आणि त्या मोकळ्या पाण्यात ट्राउटच्या जोडीनं गुगलीही तग धरून आहे.

आता बोला! गुगलीच्या नावानं नदी राखीव झाली असती का? मला नाही वाटत. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीतले मासे देवाचे म्हणून वाचले. इथे साहेबाच्या हौसेचे म्हणून वाचले. निव्वळ मासे म्हणून कोण वाचवतं?

पण एक सल राहतो. त्याच १९९९ मध्ये पार्क झालं आणि वरच्या कुरणातली चराई, गुच्छी (एक रानअळंबी) आणि जडीबुटी गोळा करणं गावकऱ्यांना बंद झालं. गळाचं लायसन्स मात्र माझ्यासारख्याला आरामात मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासा अंडी घालतो म्हणून बंदी, बाकीचे महिने आम्ही मोकळे. पिढ्यान् पिढ्या इथे राहणाऱ्यानं कुरणाकडे बघत बसायचं आणि पुण्याहून आलेल्यानं भाड्याची रॉड घेऊन पाण्यात उभं राहायचं, हे मला पटत नाही. मी उभा राहिलो, हेही खरं. तीन तासांत दोनदा गळ झाडात अडकला, एकदा माझ्याच टोपीत.

निघायच्या सकाळी यजमानांच्या वडिलांना म्हटलं, बाबूजी, गुगली दाखवा ना एकदा. ते मला घराटाच्या, म्हणजे पाणचक्कीच्या, खालच्या डोहाशी घेऊन गेले. बराच वेळ काठावर उकिडवे बसलो. शेवटी त्यांनी काठीनं पाण्याखालचा एक दगड दाखवला. त्यावरचं शेवाळ जागोजागी खरवडलेलं होतं, पुसट पट्टे उठले होते. "रात को आई थी," म्हणाले.

मासा काही दिसला नाही.