प्रयोगशाळेतील आकडा आणि वारुळातील हिवाळा

दक्षिण अमेरिकेतून १९३०च्या दशकात अलाबामा राज्यातील मोबील बंदरामार्गे अमेरिकेत शिरलेल्या लाल फायर अँट या डंख मारणाऱ्या मुंगीला कडाक्याची थंडी आपोआप रोखेल, हा तिच्यावरील एका लेखात काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. एकट्या मुंगीचे शरीर कोणत्या तापमानाला गोठते, हे प्रयोगशाळेत मोजता येते. परंतु थंडीला तोंड देते ते संपूर्ण वारूळ, जिथे कामकरी मुंग्या उन्हाने तापलेल्या वरच्या भागात अळ्या आणि कोष आणून ठेवतात आणि गारठा वाढला की राणीसह खोल उतरतात. म्हणूनच एखाद्या रात्रीच्या नीचांकापेक्षा जमीन सलग किती दिवस थंड राहते, याला अधिक महत्त्व आहे. शिवाय काळी फायर अँट या जवळच्या जातीशी झालेला लाल फायर अँटचा संकर अमेरिकेतील टेनेसी राज्यासारख्या अधिक थंड भागातही टिकून आहे, याचा उल्लेख लेखात हवाच होता.