लुई म्हणजे लव नव्हे

माझ्या भाचीला फ्रान्समधल्या लियों शहरात मुलगा झाला. नवऱ्याच्या आजोबांचं नाव लुई, ते गेल्याच वर्षी वारले, म्हणून बाळाचं नाव लुई ठेवलं. बारशाला आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर होतो. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ माझ्या 82 वर्षांच्या आईनेच म्हटलं. चारच दिवसांत तिच्या फोनवर मेसेज आला: ‘लुई हे मुळात लव. श्रीरामाच्या या पुत्राचे वंशज फ्रान्सला गेले, म्हणून तिथल्या अठरा राजांनी हेच नाव घेतलं. फ्रेंच सरकार परकी नावं ठेवू देत नाही, म्हणून लवचं लुई झालं. आज ते तिथलं एक नंबरचं नाव आहे. लुई नावाच्या प्रत्येक मुलाला लव म्हणूनच हाक मारा.’

आईने तसंच केलं. पुढच्या कॉलला ती चष्मा सारखा करत, फोन तोंडाजवळ धरून ‘लव, ए लव’ करत राहिली. पलीकडे बाळाला मांडीवर घेऊन त्याची फ्रेंच आजी बसली होती. गेलेल्या लुईंची ती मुलगी. ती काही बोलली नाही, नुसती बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. वडील जाऊन वर्षही झालं नाही आणि त्यांचं नाव तिच्यादेखत पुसलं जात होतं. हे मला सहन होत नाही, म्हणून लिहिते आहे.

लुईचं जुनं रूप ह्लोदोविग. ही फ्रँक लोकांची, म्हणजे जर्मन कुळातली भाषा. ‘ह्लुद’ म्हणजे नावाजलेला, ‘विग’ म्हणजे लढाई. हा अर्थ आजच्या कुणी पंडिताने बसवलेला नाही. सम्राट शार्लमेनचा मुलगा लुई गादीवर असताना, नवव्या शतकात, एर्मोल्दुस नावाच्या कवीने त्याच्यावर लॅटिनमध्ये काव्य लिहिलं. त्यात तो नावाची फोड करून सांगतो की ‘ह्लुतो’ म्हणजे कीर्तिवंत आणि ‘विग’ म्हणजे मार्स, रोमनांचा युद्धदेव. ज्याचं नाव त्याच्या हयातीतला हा पुरावा. याच नावाचं जर्मनीत लुडविग झालं, इटलीत लुईजी, आणि आपल्या गोव्यात, वसईत पोर्तुगीजांकडून आलेलं लुईस. लुई जर लवचा अपभ्रंश असेल, तर लुडविगमधला ड आणि ग आले कुठून? आणि ‘लव’ला स्वतःचा चांगला अर्थ आहे. लव म्हणजे कापलेला तुकडा. ‘लवलेश’मधला लव तोच. उत्तरकांडात वाल्मीकी बाळांच्या रक्षेसाठी दर्भ देतात, त्यातल्या खालच्या भागाचं नाव लव, आणि त्यावरून धाकट्याचं नाव. इतकी सुंदर कथा असताना तिला फ्रान्सचं शेपूट कशाला हवं?

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. ‘ह्लुद’ आणि संस्कृत ‘श्रुत’ एकाच फार जुन्या धातूतून आले, अर्थ ऐकणे. ज्याच्याबद्दल लोक ऐकतात तो ह्लुद. आपल्याकडे तोच विश्रुत. इंग्रजी ‘लाउड’ही त्याच घरातला. म्हणजे नातं आहे, पण चुलत, आणि तेही श्रुतशी. लवशी नाही.

अठरा राजांचं म्हणाल, तर सतरावा लुई गादीवर बसलाच नाही. 1795 मध्ये दहा वर्षांचा पोर कैदेत मेला. नाव पुन्हा पुन्हा आलं त्याला कारण आहे. शार्लमेनने 778 मध्ये मुलाला आधीच्या राजघराण्यातल्या क्लोविसचं नाव दिलं (क्लोविस म्हणजेही ह्लोदोविगच), नव्या घराण्याला जुन्याची प्रतिष्ठा मिळावी म्हणून. पुढे नववा लुई 1297 मध्ये संत ठरला, मग तर विचारायलाच नको.

सरकारी बंधनाची गोष्ट अर्धी खरी आहे. 1803 च्या कायद्याने दिनदर्शिकेत तारखांपुढे दिलेली नाहीतर प्राचीन इतिहासातलीच नावं चालत. पण 1993 मध्ये ते बंधन गेलं. भाचीला लव ठेवायचं असतं तर तिने सरळ लव ठेवलं असतं.

आणि एक नंबर? फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेकडे, इन्सेकडे, 1900 पासूनच्या नावांची मोजणी आहे, कुणीही पाहावी. लुई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरोघर होतं, मग म्हाताऱ्यांचं नाव म्हणून मागे पडलं, आणि पणजोबांची नावं परत आवडू लागली तसं गेल्या काही वर्षांत पुन्हा वर आलं. पण 2021 पासून पहिलं आहे गॅब्रिएल.

काल हे सगळं आईला वाचून दाखवलं. ‘श्रुत’वर ती थांबली, दोनदा म्हणून पाहिलं. मग घरातल्यांचे वाढदिवस लिहायची वही काढली, ‘लव’ खोडून ‘लुई’ लिहिलं, आणि मला विचारलं, त्या बाईंच्या वडिलांची तिथी कधी असते?