वान्याला कृतघ्न म्हणण्याआधी

‘इटालियानेत्स’ (म्हणजे ‘इटालियन’) या रशियन सिनेमाबद्दलचा एक मजकूर बराच फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: परदेशी दत्तक देण्याविरुद्धचा हा सरकारी प्रचार आहे, त्यातली इटालियन माणसं खलनायक आहेत, आणि टाकून देणाऱ्या आईपायी चांगलं घर नाकारणारा अनाथालयातला सहा वर्षांचा वान्या कृतघ्न आहे. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरी तर वाचवत नाही.

आंद्रेई क्रावचुक यांचा हा सिनेमा २००५ चा. अमेरिकी नागरिकांना रशियन मुलं दत्तक देण्यावर बंदी घालणारा कायदा झाला डिसेंबर २०१२ मध्ये. मग हा त्याचा प्रचार कसा? शिवाय दारुडा संचालक, लहानग्यांवर दादागिरी करणारी मोठ्या मुलांची टोळी, मुलं दत्तक देण्यातून पैसे कमावणारी ‘मॅडम’, असं आपल्याच देशातलं अनाथालय कुठलं सरकार हौसेनं दाखवेल?

वान्याला दत्तक घ्यायला आलेलं इटालियन जोडपं तर साधं, मायाळू आहे. वान्या आईच्या शोधात पळून गेल्यावर त्यांच्याकडे जातो त्याचा मित्र अंतोन, आणि शेवटी वान्या त्यालाच पत्र लिहितो. सिनेमाचा राग आहे तो मधल्या दलालीवर.

आता कृतघ्नपणा. रशियात ‘सामाजिक अनाथ’ असा शब्दच आहे: आईबाप हयात, पण दारू, गरिबी किंवा तुरुंगवासामुळे मूल संस्थेत. तिथल्या अनाथालयांत अशीच मुलं जास्त. वान्यानं तर डोळ्यांनी पाहिलंय. मुखिन नावाचा मुलगा दत्तक गेल्यावर त्याची आई त्याला शोधत येते. तिला हाकलून देतात. पुढे ती रेल्वेखाली जीव देते. त्यानंतर वान्याच्या मनात एकच येतं: माझी आई आली आणि मीच इथे नसलो तर? अंतोनसारखा आनंदानं निघून जाणं त्याला मग जमतच नाही.

म्हणून तो वाचायला शिकतो. अनाथालयातली आपली फाइल आपल्याला वाचता यावी एवढ्यासाठी! (आईला शोधायला वाचायला शिकलेल्या एका मुलाची वर्तमानपत्रातली बातमी या कथेच्या मुळाशी आहे.) आईनं त्याला का सोडलं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही. पाहुण्यांसमोर उभं केलं, तो पसंत पडला, आणि पोरांनी त्याचं नावच ‘इटालियन’ पाडलं. तुला जायचंय का, हे मात्र कुणी विचारलं नाही.