खुलासा : कापूस पांढरा म्हणून एक्स्पोजर ‘मायनस’? नाही!

आपल्या यवतमाळकडच्या फोटोवाल्यांत एक मेसेज फिरतोय : ‘फुटलेल्या कापसाचा फोटो काढताना एक्स्पोजर मायनस करा, नाहीतर कापूस जळतो.’ म्हणजे फोटोत उजेड कमी घ्या, नाहीतर कापूस नुसता पांढरा डाग होतो आणि धागे दिसेनासे होतात. हे सरसकट खरं नाही, आणि यात चांगले फोटो वाया जातात.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कापूस कळत नाही, काळी मातीही कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं समजून तो आकडा देतो. त्यामुळे फ्रेमभर फुटलेली बोंडं असली की कापूस आधीच मळकट, पावसात भिजल्यासारखा येतो. वर मायनस केलं तर आणखी काळवंडतो. तिथे साधारण एक स्टॉप प्लस करा (म्हणजे उजेड दुप्पट घ्या), मग फोटो मोठा करून बघा : बोंडातले धागे सुटे दिसले पाहिजेत.

कापूस जळतो तो उलट्या वेळी. फ्रेममध्ये सगळी काळी नांगरट आणि वेचणाऱ्या बाईच्या ओटीत मूठभर कापूस असतो तेव्हा. मायनस तिथे.

शंका असेल तर जुना हिशोब धरा : स्वच्छ उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६, उजेडाची संवेदनशीलता आयएसओ १००, शटर १/१०० किंवा १/१२५ सेकंद. हा हिशोब उन्हाचा आहे, समोरच्या रंगाचा नाही. दिवस कलला की तो चालत नाही.