फाइव्ह ऑफ वाँड्स निघालं म्हणजे घरात भांडण? नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘टॅरोमध्ये फाइव्ह ऑफ वाँड्स निघालं की भांडण अटळ. कोर्टात खटला उभा राहणार, कोणीतरी शत्रू मागे लागलाय. महिन्यात दोनदा निघालं तर नक्की बाधा. ते पान कॅटमधून काढून टाका आणि पाच काठ्या वाहत्या पाण्यात सोडा.’

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, आणि फाइव्ह ऑफ वाँड्स म्हणजे त्यातलं पाच काठ्यांचं पान. टॅरोवर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद वेगळा. ज्यांचा विश्वास नाही त्यांना हा मेसेज भिववतही नाही. इथे एवढंच तपासायचं आहे की टॅरो वाचणाऱ्यांच्या परंपरेत या पानाचा असा अर्थ आहे का.

‘भांडण अटळ’

आधी पान नीट बघा. आज बहुतेकांच्या हातात असतो तो कॅट १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. पाच तरुण, प्रत्येकाचे कपडे वेगळे, प्रत्येकाच्या हातात पालवी फुटलेली लांब काठी. काठ्या एकमेकींना छेदतात, पण एकही कोणाच्या अंगावर बसलेली नाही. कोणी खाली पडलेलं नाही, रक्त नाही, आभाळ निरभ्र. वेट यांनी स्वतः याला लुटुपुटूची लढाई म्हटलं आहे, आणि पुढे पैसा व नशीब कमावण्यासाठीची चुरस असाही अर्थ दिला आहे. काही जुन्या अर्थांत तर हे पान सोनं आणि लाभाचंही मानलं गेलं, हेही त्यांनीच नोंदवलं आहे.

गोव्यातल्या माशेलचा चिखलकालो पाहिलेल्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. आषाढात देवळासमोरच्या चिखलात लोक एकमेकांना ओढतात, लोळवतात; लांबून बघणाऱ्याला मारामारीच वाटेल. संध्याकाळी पोलीस चौकीत मात्र कोणी जात नाही.

मग ‘भांडण’ आलं कुठून? तेही हवेतून नाही. १८८८ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने या पानाला ‘कलहाचा स्वामी’ असं नाव दिलं आणि सिंह राशीतला शनी त्याला जोडला. पुढे अलिस्टर क्रॉली यांच्या थॉथ कॅटमध्ये त्यातला ‘कलह’ एवढाच शब्द पानावर छापला गेला. म्हणजे कलह हा शब्द खरा आहे, पण तो एका परंपरेतला आहे, आणि तिथेही अर्थ अडलेली, कोंडलेली ऊर्जा असा घेतात. सिंहाचा विस्तव आणि वर शनीचं झाकण. त्याहून जुन्या मार्सेय या फ्रेंच पद्धतीच्या कॅटमध्ये तर माणसंच नाहीत, नुसत्या पाच काठ्या एकमेकींत गुंतलेल्या. पोर्तुगीज पत्त्यांत किलवरला ‘पाउश’ (paus) म्हणतात, म्हणजे काठ्याच. गोव्यातल्या जुन्या पिढीला हे नवं नाही.

प्रत्यक्ष वाचनात याचा अर्थ असा लावतात: बरोबरीची माणसं, प्रत्येकाची दिशा वेगळी, म्होरक्या कोणी नाही. जत्रेच्या नाटकाची तालीम आठवा. नायकाची भूमिका एक, मागणारे तिघे, दिग्दर्शकाला शेवट बदलायचाय, पेटीवाला सूर उतरवायला तयार नाही. नोकरीच्या प्रश्नात हे पान आलं तर स्पर्धक पुष्कळ आहेत. लग्नाच्या प्रश्नात आलं तर हॉलपासून जेवणापर्यंत प्रत्येक नातेवाइकाचं मत आहे. मांडणीत ‘सल्ला’ या जागी आलं तर उलट सांगणं असतं: बाजूला बसू नका, उतरा.

‘कोर्टात खटला’

इथे मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा अर्धंच वाचलंय. खटला, वाद, लबाडी हे अर्थ वेट यांनी दिले आहेत, पण पान उलटं, म्हणजे चित्राचं डोकं खाली, आलं तर. पुष्कळ टॅरो वाचणारे उलटी पानं धरतच नाहीत, म्हणून वाचन सुरू होण्याआधी ‘उलटं धरता का?’ हे विचारून घ्या. शिवाय पान पालटण्याची पद्धत बघा. पुस्तकाच्या पानासारखं कडेने पालटलं तर दिशा तीच राहते. खालची कड धरून वर उचललं की सुलटं पान उलटं होतं. हाताच्या एवढ्या सवयीवरून घरात खटला यायला नको.

कोर्टाचा प्रश्न असेल तर टॅरो वाचणारे मुख्यतः ‘न्याय’ हे पान शोधतात. वेटच्या कॅटमध्ये ते ११ क्रमांकाचं, मार्सेयमध्ये ८. आणि प्रश्न वडिलांच्या घराच्या वाटणीचा असेल तर कॅट मिटून वकिलाकडे जावं. गोव्यात मुलं असलेल्या माणसाला मृत्युपत्राने आपल्या हिश्शाच्या अर्ध्याच भागाची मनासारखी वाट लावता येते. उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव असतो. कोणतंही पान तो कमी-जास्त करत नाही.

‘शत्रू मागे लागलाय’

हा अर्थ फाइव्ह ऑफ सोर्ड्सच्या जवळचा. आकडा तोच, हत्यार वेगळं. तिथे आभाळ फाटलेलं, एक जण तलवारी गोळा करून छद्मी हसतोय, दोघे पाठ फिरवून निघालेत. मेसेजमध्ये दोन पानांची सरमिसळ झालेली दिसते.

‘दोनदा निघालं तर बाधा’

कॅटमध्ये ७८ पानं. रोज एक पान काढलं तर ३० दिवसांत हे पान निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, आणि दोनदा किंवा जास्त दिसण्याची साडेपाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा जणांत एकाला, काहीही न करता.

त्यात आपला पाऊस. जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने पुठ्ठा फुगतो, पानं वाकतात आणि एकमेकांना चिकटतात. वाकलेल्या पानापाशी फट राहते, आणि कॅट कापताना बोटं नेमकी तिथेच शिरतात. वरून उचलून खाली टाकत पिसलं तर चिकटलेले गट तसेच सरकतात. उपाय साधा आहे: सगळी पानं टेबलावर पालथी पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर फिरवा, मग गोळा करा. कॅट सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात ठेवा. तेच पान वारंवार येत असेल तर त्याची कड तपासा, दुमडली असेल तर वजनाखाली दोन दिवस दाबून ठेवा.

‘काढून टाका, काठ्या सोडा’

पान काढलं की ७७ उरतात आणि वाँड्सची साखळी तुटते. चौथ्या पानात माळा बांधलेला मांडव, सहाव्यात विजयाची मिरवणूक. मधली झटापट गेली तर मिरवणूक कशाची, हे वाचता येत नाही.

काठ्यांचं मात्र खरंच मनावर घ्या. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतल्या, खाडीत सोडलेली काठी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, दारात अडकू शकते. भरतीला पाण्याच्या दाबाने मिटणारं ते दार मग पूर्ण मिटत नाही, खारं पाणी भातशेतात शिरतं, आणि त्या शेतांचे धनी काठी कोणाची हे विचारत तुमच्या दारात येतात.