सामायिक रेपॉझिटरीची विधिवत प्रतिष्ठापना

नव्या प्रकल्पाची सामायिक रेपॉझिटरी (कोड आणि त्यातील बदलांचा इतिहास ठेवण्याची जागा) उभारण्याचे भाग्य आपल्या वाट्याला आले असेल, तर विचार करण्यात वेळ दवडू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन लिहायला घेतले आणि अवघ्या काही दिवसांत ते स्वतःचाच कोड सांभाळू लागले. अशा चपळ साधनासाठी कोणत्या फाइली नोंदीतून वगळाव्यात हे सांगणारी गिट-इग्नोर फाइल लिहीत दहा मिनिटे बसणे शोभत नाही.

पहिल्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या पहिल्या नोंदीत, आपल्या संगणकावरील फोल्डर जसेच्या तसे ढकलावे. त्यात नोड मॉड्यूल्सच्या, म्हणजे बाहेरून उतरवलेल्या तयार कोडच्या, हजारो फाइली असाव्यात आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल तर असावीच, म्हणजे नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला तो कोणाकडे मागण्याचा संकोच वाटणार नाही. पुढे एखाद्या शंकेखोराने हरकत घेतलीच, तर ती फाइल पुसून ‘पासवर्ड काढला’ अशा सुस्पष्ट संदेशासह नवी कमिट करावी. जुन्या कमिटमध्ये पासवर्ड सुखरूप राहतोच, शिवाय तो नेमका कोठे शोधावा हेही त्या संदेशावरून कळते. पासवर्ड बदलण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, कारण तो एव्हाना सर्वांना पाठ झालेला असतो.

गिटहब हे रेपॉझिटरी ठेवण्याचे संकेतस्थळ १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही, म्हणून डेटाबेसच्या डंपचे (सगळ्या माहितीच्या प्रतीचे) ९० एमबीचे तुकडे करावेत. (नियम पाळल्याचे समाधान वेगळेच असते.) रीडमी या परिचयाच्या फाइलमध्ये प्रकल्पाचे नाव पुरे.

मेन ब्रँचला, म्हणजे सर्वांच्या कामाच्या मुख्य शाखेला, संरक्षण लावणे म्हणजे सहकाऱ्यांवर उघड अविश्वास दाखवणे होय. फोर्स पुशची, म्हणजे सामायिक इतिहासावर आपलाच इतिहास जबरदस्तीने चढवण्याची, मुभा सर्वांना असावी आणि तिचा लाभ शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी, खांद्याला बॅग अडकवून, उभ्या उभ्याच घ्यावा. आमच्याकडे अशाच एका पुशने चौघांचे आठवड्याचे काम मेनवरून नाहीसे झाले. प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे रेपॉझिटरीच्या प्रतीत, संपूर्ण इतिहास असतो, हे तेव्हा कोणाला तरी आठवले आणि शोधाशोध सुरू झाली. चौघांनीही आपापली प्रत तत्परतेने पुसून नव्याने क्लोन केली होती. अबाधित प्रत निघाली ती कोकणात गावी गेलेल्या पाचव्याच्या लॅपटॉपवर. त्याच्या घरी रेंज नव्हती, तेव्हा तो लॅपटॉप छत्रीखाली धरून देवळामागच्या टेकडीवर चढला आणि वर पोहोचल्यावर, मेनवरची ताजी स्थिती आपल्या प्रतीत ओढून घेण्याच्या सवयीने, त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘आधी पुल करू ना?’