'जसं वाजलं तसं टेपवर': जुन्या लाइव्ह अल्बमबद्दलच्या एका लाडक्या समजाला उत्तर

सत्तरच्या दशकातल्या रॉकवर जीव असणाऱ्या मंडळींमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: 'तेव्हा लाइव्ह अल्बम एका रात्रीत व्हायचा. सभागृहाबाहेर रेकॉर्डिंगचा ट्रक उभा करायचे, बटण दाबायचे, वाजेल ते टेपवर. नंतर स्टुडिओत एक सूरही बदलायचा नाही. टाळ्यासुद्धा खऱ्या. आता सगळं ऑटोट्यून. ते ट्रक भंगारात गेले आणि प्रामाणिकपणाही त्यांच्याबरोबर गेला.'

वाचायला झकास आहे. पण ज्या ट्रकची इथे आरती ओवाळली आहे, तो ट्रक मुळात कशासाठी बनला हा प्रश्नच लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. एकेक वाक्य घेऊ.

'एका रात्रीत व्हायचा'

अशा गप्पांत पहिलं नाव निघतं ते डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'मेड इन जपान'चं, म्हणून तिथूनच सुरुवात. १९७२च्या ऑगस्टमध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ला टोकियोचं बुदोकान, असे तीन कार्यक्रम टेपवर घेतले गेले. इंजिनिअर होता मार्टिन बर्च. मूळ अल्बमवर गाणी सात. त्यांतली चार १६ तारखेची, दोन टोकियोची आणि 'स्मोक ऑन द वॉटर' १५ची. एकच कार्यक्रम समजून आपण जे ऐकतो, ती दोन शहरांतल्या तीन रात्रींमधून केलेली निवड आहे. ती उत्तम आहे, पण निवडच आहे.

ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन बँडची गोष्ट याहून रंजक. मार्च १९७१, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट सभागृह. निर्माता टॉम डाउड बाहेर ट्रकमध्ये बसलेला. कार्यक्रम सुरू होतो आणि त्याच्या कानावर अचानक सॅक्सोफोनवाले येऊन आदळतात. बँडने त्यांना परस्पर बोलावलं होतं आणि ते बेसूर वाजवत होते. डाउडने त्यांना काढायला लावलं. पुढे रोज कार्यक्रम संपला की मंडळी अटलांटिकच्या स्टुडिओत जाऊन त्या रात्रीच्या टेपा ऐकत. कुठलं गाणं पदरात पडलं, कुठलं उद्या पुन्हा वाजवायचं, हे तिथे ठरे. म्हणजे दुसऱ्या रात्री मंचावर काय वाजणार हेच आदल्या रात्रीची टेप ठरवत होती. एवढं करूनही नंतर कात्री चाललीच: 'यू डोन्ट लव्ह मी' दोन वेगवेगळ्या वादनांमधून जोडलेलं आहे आणि 'स्टॉर्मी मंडे'तला हार्मोनिकाचा तुकडा कापला गेला. लाइव्ह अल्बमांच्या कुठल्याही यादीत हा अल्बम वरच्या पाचांत असतो आणि माझ्याही यादीत आहे. तो कापूनजोडून केलेला आहे म्हणून खालचा ठरत नाही.

'ट्रक उभा करायचे, बटण दाबायचे'

ज्याने हे लिहिलं त्याने अर्थिंगची घरघर शोधत रात्र काढलेली नाही, एवढं नक्की.

ट्रकचं काम असं चाले. मंचावरच्या प्रत्येक मायक्रोफोनचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरवाल्या स्प्लिटरमधून फोडायचा. एक वाट सभागृहाच्या स्पीकरांकडे, दुसरी जाडजूड मल्टिकोअर केबलमधून मागच्या दाराने ट्रककडे. सभागृहाची वीज आणि ट्रकची वीज यांचं अर्थिंग जुळलं नाही की प्रत्येक ट्रॅकवर, म्हणजे टेपवरच्या एकेका आवाजाच्या वेगळ्या पट्टीवर, घरघर. लाइटचे डिमर वर गेले की तिच्यात आणखी एक करकर. ट्रकमधल्या माणसाला मंच दिसत नाही, म्हणून आत छोटा टीव्ही आणि मंचासमोर कॅमेरा. गिटारवाल्याने गिटार बदलली, गायक भलत्याच माइककडे वळला, हे त्या पडद्यावर बघून आवाज कमीजास्त करणारे फेडर हलवायचे.

आणि टेप. दोन इंच रुंद टेपचं २,५०० फुटांचं रीळ सेकंदाला १५ इंचांच्या वेगाने जेमतेम ३३ मिनिटं चालतं. वेग दुप्पट केला, म्हणजे खरखर कमी आणि आवाज जास्त स्वच्छ, तर निम्माच वेळ. कार्यक्रम दोन तासांचा. म्हणून जिथे परवडे तिथे दोन यंत्रं ठेवत. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं आधीच सुरू करायचं. परवडत नसेल तर दोन गाण्यांमधल्या टाळ्यांत रीळ बदलायचं आणि देवाचा धावा करायचा. ऑलमन ब्रदर्सचं 'व्हिपिंग पोस्ट' २३ मिनिटं चालणार असेल तर ते सुरू होण्याआधी रिळात किती फूट उरलेत याचा हिशेब कुणीतरी केलेला असतो.

एवढं करूनही घात व्हायचा. 'द हू' या ब्रिटिश बँडने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठात आणि दुसऱ्या दिवशी हल शहरात वाजवलं. दोन्हीकडे 'पाय' (Pye) या रेकॉर्ड कंपनीचं फिरतं रेकॉर्डिंग युनिट. हलच्या टेपा उघडल्या तर पहिल्या काही गाण्यांवर बेस गिटारच नाही! अल्बम निघाला तो 'लाइव्ह ॲट लीड्स'. हलचं रेकॉर्डिंग बाहेर यायला ४० वर्षं लागली आणि त्यातल्या बेसविना गाण्यांना लीड्सचा बेस संगणकावर जुळवून बसवावा लागला.

आता मुद्द्याचं. वाजलं तसंच हवं असेल तर त्यासाठी ट्रक लागतच नाही. दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र पुरतं. ते एक माणूस उचलून विंगेत ठेवू शकतो. टनभर सामान रस्त्यावर आणायचं कारण एकच होतं: ड्रम वेगळा, बेस वेगळा, गायक वेगळा, प्रेक्षक वेगळे, असे ८ किंवा १६ ट्रॅक हाती यावेत आणि काय ठेवायचं, काय वाढवायचं, काय पुन्हा घ्यायचं हा निर्णय नंतर, सावकाश, स्टुडिओत करता यावा. ट्रकचा सगळा खर्च त्या 'नंतर'साठी होता. या मजकुरात नेमका तोच 'नंतर' नाकारलेला आहे.

त्यातून सगळ्यांत गाजलेला ट्रक तर निघाला घरात रेकॉर्डिंग करण्याच्या गरजेतून. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ ही त्यांचा पियानोवादक इयन स्टुअर्टची कल्पना. बँडचा गायक मिक जॅगरच्या स्टारग्रोव्ह्ज या बंगल्यावर स्टुडिओच नेऊन उभा करायचा होता. लेड झेपेलिनने तो हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीपाशी नेला. डीप पर्पलने डिसेंबर १९७१मध्ये स्वित्झर्लंडच्या माँट्रोला मागवला तो रिकाम्या कसिनोत स्टुडिओ अल्बम करायला. त्याआधीच फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कसिनो जळाला आणि काम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात हलवावं लागलं. कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून आवाज अडवला. वाजवायच्या जागेपासून ट्रकपर्यंतचा रस्ता खोल्या आणि बाल्कन्यांमधून इतका वेडावाकडा होता, की थोड्याच दिवसांत बँडने वाजवलेलं ऐकायला खाली जाणंच सोडलं. 'स्मोक ऑन द वॉटर'मध्ये ज्या ट्रकचा उल्लेख आहे तो हाच.

'स्टुडिओत एक सूरही बदलायचा नाही'

'मेड इन जपान'मध्ये नंतर भर घातली नाही असं बँडवाले सांगत आले आहेत आणि ते न मानण्याचं मला कारण दिसत नाही. पण त्यावरून सगळ्या दशकाला प्रशस्तिपत्र देता येत नाही.

ग्रेटफुल डेडने युरोपचा दौरा १६ ट्रॅकवर घेतला आणि घरी परतल्यावर 'युरोप ७२'साठी बरंचसं गाणं स्टुडिओत पुन्हा गायलं. किसच्या 'अलाइव्ह!'मध्ये (१९७५) स्टुडिओतली दुरुस्ती भरपूर आहे हे निर्माता एडी क्रेमर आणि बँड या दोघांनी पुढे कबूल केलं. थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'चं (१९७८) भांडण तर अजून मिटलेलं नाही. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो ७५ टक्के स्टुडिओत पुन्हा केलं; बँडची बाजू म्हणते ७५ टक्के लाइव्ह आहे. आकडा तोच, अर्थ उलटा.

इथे दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही एक गोष्ट सांगायला हवी, जे म्हणतात की मग सगळेच लाइव्ह अल्बम बनावट. तसं करणं तांत्रिकदृष्ट्या सोपं नव्हतं. मंचावर गायकाच्या माइकमध्ये फक्त गायक येत नाही. मागचा झांजांचा खणखणाट, शेजारचा गिटारचा अँप्लिफायर, सगळं शिरतं. गायकाचा ट्रॅक पुसून नवा घेतला की त्याच्याबरोबर झांजांचाही थोडा आवाज जातो आणि जागा एकदम कोरडी वाटू लागते. शिवाय गायकाचा जुना, बेसूर आवाज ड्रमच्या माइकांमध्ये भुतासारखा उरतो तो वेगळाच. बेसचं तसं नाही. तो बहुधा तारेने थेट मिक्सिंग डेस्कवर घेतलेला, त्याच्या ट्रॅकवर दुसरं कुणी नसतं. म्हणून बदलायला सर्वांत सोपा तोच. संपूर्ण ड्रम पुन्हा वाजवून बसवणं ही मात्र जवळपास नव्याने अल्बम करण्याची मेहनत. दुरुस्ती कुठे झाली असेल याचा अंदाज बांधायचा तर हा क्रम ध्यानात ठेवावा.

आणि 'लाइव्ह ॲट लीड्स'च्या मूळ तबकडीच्या लेबलवर हाताने लिहिलेली सूचना होती: चरचर ऐकू येते ती ठीक आहे, दुरुस्त करू नका. चरचर तशीच ठेवायची तर कारखान्याला तसं लिहून कळवावं लागत होतं, यावरून तेव्हाची रीत काय होती ते समजावं.

'टाळ्यासुद्धा खऱ्या'

जॉनी कॅशने १३ जानेवारी १९६८ला कॅलिफोर्नियाच्या फॉल्सम तुरुंगात दोन कार्यक्रम केले. अल्बमवर, रीनोत एका माणसाला मारलं ही ओळ येते आणि कैदी आरोळी ठोकतात. अंगावर काटा येतो. ती आरोळी नंतर संपादनात घातलेली आहे. प्रत्यक्षात पहारेकऱ्यांसमोर अशा ओळीला दाद द्यायची कैद्यांची टाप नव्हती.

कॅननबॉल ॲडर्लीचा 'मर्सी, मर्सी, मर्सी!' शिकागोच्या क्लबमधला म्हणून विकला गेला. तो हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओत, बोलावलेल्या लोकांना फुकट दारू पाजून केलेला आहे. ड्यूक एलिंग्टनच्या १९५६च्या न्यूपोर्ट अल्बमचा मोठा भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चढवल्या होत्या. त्यातला पॉल गोन्साल्विसचा २७ आवर्तनांचा प्रसिद्ध सॅक्सोफोन त्या रात्रीचाच, पण दूरून आल्यासारखा. कारण तो कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या माइकऐवजी व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकमध्ये वाजवत होता. ती दुसरी टेप पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली आणि १९९९मध्ये दोन्ही मोनो टेपा जुळवून स्टिरिओ अल्बम निघाला. खरी रात्र लोकांना ४३ वर्षांनी ऐकायला मिळाली, तीही प्रचंड तांत्रिक कारागिरीमुळे.

खऱ्या टाळ्या हव्याच असतील तर १ ऑगस्ट १९७१च्या न्यूयॉर्कमधल्या बांगलादेश मदत कार्यक्रमाचा अल्बम काढा. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा वाद्यं लावतात आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन टाळ्यांनी दणाणतं. सूर लावणंच एवढं आवडलं तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर शांतपणे म्हणतात. अशा चुकीच्या जागी पडलेल्या टाळ्या कुणी मुद्दाम चढवत नाही.

'आता सगळं ऑटोट्यून'

ऑटोट्यून, म्हणजे बेसूर आवाज सुरात आणणारं सॉफ्टवेअर, १९९७ साली बाजारात आलं. त्याआधी बेसूर ओळ पुन्हा गायली जायची. साधन बदललं, सोय तीच. उलट आज मोठे महोत्सव त्याच क्षणी इंटरनेटवर दाखवले जातात. तिथे चार महिने स्टुडिओत बसायची मुभा नसते.

'ते ट्रक भंगारात गेले'

सगळे नाही. रोलिंग स्टोन्सचा तो ट्रक २००१मध्ये कॅनडातल्या एका संगीतसंस्थेने विकत घेतला. आता तो कॅलगरीच्या नॅशनल म्युझिक सेंटरमध्ये आहे, हेलिओस कंपनीच्या मिक्सिंग डेस्कसकट, दुरुस्त करून चालू अवस्थेत.